‘बोटे टोचणे बंद करा’ या संदेशाला उत्तर

‘मधुमेहींनो, बोटे टोचणे बंद करा’ अशा मथळ्याचा एक संदेश गेल्या उन्हाळ्यापासून व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. माझ्याकडे तो सोसायटीच्या गटावरून आला, माहेरच्या गटावरून आला आणि ज्यांच्याबरोबर मी सकाळी फिरायला जाते त्या मंडळींकडूनही आला. त्यातले म्हणणे थोडक्यात असे आहे: घरच्या ग्लुकोमीटरचा (बोटाच्या थेंबातून रक्तातली साखर मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा लॅबच्या आकड्याशी जुळत नाही, म्हणजे यंत्र खोटे, तीन महिन्यांतून एकदा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) केली की रोजच्या तपासणीची गरज उरत नाही, साखर वाढली किंवा उतरली की शरीर आपोआप सांगते, रोज टोचल्याने बोटांच्या नसा मरतात, आणि साखरेची मर्यादा मुद्दाम खाली आणून यंत्रात घालायच्या तपासणीच्या पट्ट्या विकण्याचा हा धंदा आहे. शेवटी सल्ला दिला आहे की यंत्र कपाटात ठेवा आणि निश्चिंत राहा.

मला मधुमेह असल्याचे कळून दीड वर्ष झाले. मी डॉक्टर नाही आणि औषधाचा डोस ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांनाच विचारावा; परंतु हा संदेश वाचून आमच्या इमारतीतल्या एका काकांनी तपासणी सोडली आणि पुढे जे झाले ते मी डोळ्यांनी पाहिले, म्हणून एकेका मुद्द्याचे उत्तर लिहीत आहे.

आकडे जुळत नाहीत हा पहिला मुद्दा सर्वांत जास्त लोकांना पटतो, कारण तो प्रत्येकाच्या अनुभवाचा आहे. माझ्याच बाबतीत पहिल्या आठवड्यात लॅबचा उपाशीपोटीचा आकडा १४८ (म्हणजे दर डेसिलिटर रक्तात इतके मिलिग्रॅम साखर; पुढचे आकडेही याच मापात) आला आणि घरी आल्याआल्या यंत्राने १६३ दाखवले, तेव्हा दुकानदाराने मला फसवले असेच मला वाटले होते. नंतर समजले की घरच्या यंत्रांसाठी आयएसओ १५१९७ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्याच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार साखर १०० किंवा त्याहून अधिक असताना शंभरातील किमान ९५ आकडे लॅबच्या मोजमापाच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असावे लागतात, तर १०० च्या खाली असताना १५ मिलिग्रॅमच्या आत. याचा अर्थ खरी साखर १४८ असेल तर यंत्राने १२६ पासून १७० पर्यंत काहीही दाखवले तरी ते मानकात बसते. ही ढिलाई वाटेल, पण घरी यंत्र ज्या प्रश्नासाठी हातात घ्यायचे असते तो प्रश्न १४८ की १६३ हा नसतोच. साखर ६० आहे, १५० आहे की ३०० आहे, हे त्या घटकेला कळणे हा असतो, आणि तेवढे उत्तर ते चोख देते.

शिवाय बहुतेक लोक तुलना करतात तीच चुकीची असते. लॅबमध्ये रक्त शिरेतून घेतात आणि घरी बोटाच्या टोकाच्या केशवाहिन्यांतून. उपाशीपोटी या दोन ठिकाणच्या साखरेत फारसा फरक नसतो, परंतु जेवणानंतर बोटातल्या रक्तात ती वीस-तीसने, कधी त्याहूनही अधिक असू शकते, कारण शिरेत पोहोचेपर्यंत वाटेतल्या पेशींनी त्यातली काही उचललेली असते. त्यातच लॅबच्या नळीत भरलेले रक्त जिवंत असते. त्यातल्या पेशी तासाला सुमारे ५ ते ७ टक्के साखर खात राहतात, आणि म्हणूनच साखरेसाठी फ्लोराइड घातलेली करड्या झाकणाची नळी वापरतात. तुलना करायचीच असेल तर ती उपाशीपोटी, लॅबमध्ये रक्त देताना त्याच पाच मिनिटांत बोट टोचून करावी. सकाळचा लॅबचा आकडा आणि दुपारच्या जेवणानंतरचा घरचा आकडा शेजारी ठेवून यंत्राला खोटे ठरवता येत नाही.

यंत्र प्रामाणिक असूनही आकडा चुकतो तो बहुधा आपल्या हातांमुळे, आणि हे मी मे महिन्यात शिकले. दुपारी नातवासाठी हापूस चिरले, हात टॉवेलला पुसले आणि बोट टोचले. आकडा आला ३१२. घाबरून मी नळाखाली साबणाने हात धुतले, कोरडे केले, दुसऱ्या बोटातून थेंब घेतला, तर १४६. हे असे का होते, हा हिशेब मला फार उद्बोधक वाटला. आजकालच्या पट्टीला सुमारे एक मायक्रोलिटर रक्त पुरते, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान थेंब. साखर १०० असेल तर त्या थेंबात ग्लुकोज असते एक मायक्रोग्रॅम, ग्रॅमचा दहा लाखावा भाग. बोटावर डोळ्यांना न दिसणारा आंब्याचा रस तेवढा सहज असतो, आणि पट्टीवरचे विकर (एन्झाइम) रक्तातले ग्लुकोज आणि आंब्यातले ग्लुकोज यांत भेद करत नाही. जपानमधल्या डॉक्टरांनी २०११ साली फळे सोललेल्या हातांवर हेच तपासले होते, आणि स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसूनही आकडा फुगलेलाच राहिला. नळाच्या पाण्याने हात धुतल्यावर मात्र तो जाग्यावर आला. म्हणून स्पिरिटवर भरवसा ठेवू नये, हात धुवावेत, आणि ते पूर्ण कोरडे करावेत, कारण ओल्या बोटावर थेंब पातळ होतो.

दुसरी चूक म्हणजे बोट पिळणे. पहिले काही दिवस माझ्या बोटातून रक्तच येत नसे, मी नखाशी दाबून दाबून थेंब काढीत असे आणि दोन-तीन पट्ट्या रोज वाया घालवीत असे. दवाखान्यातल्या सिस्टरांनी माझा हात हातात घेऊन दाखवले: कोमट पाण्याने धुवायचे, हात मिनिटभर खाली लोंबता सोडायचा, तळव्याकडून पेराकडे हलकेच चोळत आणायचे, मग टोचायचे आणि थेंब आपणहून फुगेपर्यंत थांबायचे. जोराने पिळले की पेशींमधले पाणी रक्तात मिसळते आणि आकडा बदलतो. पट्टीचे टोक थेंबाला नुसते टेकवायचे, रक्त ती स्वतः ओढून घेते. वरून थेंब थापायचा नाही. पट्ट्यांची डबी लगेच घट्ट बंद करायची, ही सूचना कोकणातल्या आम्हा लोकांनी तर पावसाळ्यात विसरूच नये, कारण दमट हवेने पट्ट्या खराब होतात. आणि ज्यांचे हिमोग्लोबिन फार कमी आहे त्यांना यंत्र साखर खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकते, हे डॉक्टरांच्या कानावर घालावे.

आता एचबीए१सीबद्दल. ही तपासणी आवश्यकच आहे, पण ती सरासरी आहे. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्या काळात त्यांच्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, एवढेच ती सांगते. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे १५४. एकाची साखर दिवसभर १३० ते १८० च्या दरम्यान राहिली आणि दुसऱ्याची पहाटे ५५ व रात्री २६० झाली, तरी दोघांचा अहवाल सारखाच येऊ शकतो. पहिला माणूस ठीक आहे आणि दुसरा संकटात आहे, हे त्या कागदावरून कळत नाही. त्यात आपल्याकडे लोहाच्या कमतरतेने हा आकडा उगाच वर सरकतो, आणि गडचिरोली-नंदुरबारकडच्या ज्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचा आजार आहे तिथे तांबड्या पेशीच कमी दिवस जगत असल्याने तो फसवा कमी येऊ शकतो. अशा माणसाला ‘तुमची एचबीए१सी उत्तम आहे, यंत्र ठेवून द्या’ असे सांगणे धोक्याचे आहे.

या दोन तपासण्यांना एकमेकींच्या विरोधात उभे करणेच मुळात चूक आहे. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाइप १ मधुमेहाच्या (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही) १४४१ लोकांवर जो मोठा अभ्यास झाला, त्यात काटेकोर उपचाराच्या गटातले लोक दिवसातून किमान चार वेळा बोट टोचून त्याप्रमाणे इन्सुलिन ठरवत होते. त्या गटाची एचबीए१सी ७ च्या आसपास राहिली आणि ज्यांच्या डोळ्यांना आधी इजा नव्हती त्यांच्यात दृष्टिपटलाचा विकार जडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. तीन महिन्यांचा चांगला आकडा त्यांना रोजच्या आकड्यांतूनच मिळाला होता.

तिसरा मुद्दा शरीर सांगते हा. याच मुद्द्यावर काका विसंबले.

साखर वाढल्याची जी लक्षणे आपण ओळखतो, म्हणजे तहान आणि वारंवार लघवी, ती साधारणपणे साखर १८० च्या वर गेल्यावर मूत्रपिंडे ती लघवीत सोडू लागतात तेव्हा दिसतात. वय वाढले की हा उंबरठा आणखी वर जातो. म्हणजे १७० वर वर्षभर राहिलेला माणूस ‘मला काहीच होत नाही’ असे अगदी खरेपणाने सांगतो. साखर उतरल्याची गोष्ट याहून गंभीर आहे. काका ग्लिमेपिराइड घेत होते, जी गोळी माणसाने खाल्ले असो वा नसो, इन्सुलिन स्रवायला लावते, आणि रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेत होते, जे साखर उतरल्यावरची छातीची धडधड आणि हाताची थरथर झाकून टाकते. आषाढी एकादशीला त्यांनी गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि उपवास निर्जळी धरला. अकराच्या सुमारास ते जिन्याच्या वळणावर पायरीवर बसलेले मला दिसले. सदरा पाठीला चिकटला होता, आणि मी ‘काका, बरे वाटत नाही का?’ म्हटल्यावर त्यांनी मला माझ्या आईच्या नावाने हाक मारली. काकू म्हणाल्या, ‘उपवासाचा थकवा आहे, जरा पडू दे त्यांना.’ मी घरातून यंत्र आणि पाकिटातली नवी सुई आणली. माझे टोचायचे पेन वापरले नाही, कारण ते सुई बदलूनही दुसऱ्यासाठी वापरायचे नसते. त्यातून कावीळ बी सारखे संसर्ग पसरू शकतात. ओल्या फडक्याने त्यांचे बोट पुसून, कोरडे करून टोचले. आकडा ४६.

ते शुद्धीवर होते आणि गिळू शकत होते, म्हणून चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचले तेव्हा ८३ आले, आणि तोवर त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली होती. त्यांच्या शरीराने घामाखेरीज काहीही सांगितले नव्हते, आणि घामाला आम्ही उकाडा समजलो असतो. त्यांना पडू दिले असते तर काय झाले असते, याचा विचार मला अजूनही रात्री कधीकधी जागे ठेवतो.

नसा मरतात या मुद्द्याला फार वेळ द्यायची गरज नाही. मधुमेहात नसांची हानी होते ती वाढलेल्या साखरेने, आणि ती बहुधा पायाच्या बोटांपासून सुरू होते, जिथे कोणी सुई टोचत नाही. रोज एकाच जागी टोचले तर कातडी निबर होते आणि दुखते, एवढे खरे. त्यासाठी बोटाच्या पेराच्या मधोमध न टोचता कडेला टोचावे, रोज बोट बदलावे, पेनवरची खोली लहान आकड्यापासून सुरू करावी आणि सुई दर वेळी नवी घ्यावी, कारण एकदा वापरलेली सुई बोथट होते. वापरलेल्या सुया उघड्या कचऱ्यात न टाकता जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवाव्यात. कचरा उचलणाऱ्या बाईंचे हातही आपल्याच हातांसारखे असतात.

राहिला धंद्याचा आरोप. यातले जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. पट्ट्या महाग पडतात, आणि ज्यांचा टाइप २ मधुमेह केवळ आहारावर किंवा मेटफॉर्मिनच्या गोळीवर आहे अशा सर्वांनी रोज टोचलेच पाहिजे असे नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात इन्सुलिन न घेणाऱ्या ४५० लोकांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात रोज तपासणाऱ्यांची आणि न तपासणाऱ्यांची एचबीए१सी वर्षाअखेर जवळजवळ सारखीच होती. नुसता आकडा पाहून यंत्र खाली ठेवले तर साखर उतरत नाही. अशा व्यक्तीने डॉक्टरांना विचारून महिन्यातले दोन-तीन दिवस निवडावेत आणि एकाच जेवणाच्या आधी व दोन तासांनी अशी जोडी तपासावी. मला याच जोड्यांतून समजले की सकाळच्या पोह्यांनी माझी साखर सत्तरने चढते आणि नाचणीची भाकरी व उसळ खाल्ली तर तो चढ तिशी-पस्तिशीवर थांबतो. दुसऱ्याचे आकडे वेगळे असतील. परंतु इन्सुलिन घेणाऱ्याला, ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याला आणि गरोदरपणातल्या मधुमेहात हे ‘कमी तपासा’ लागू होत नाही, आणि संदेशाने नेमका हाच भेद गाळला आहे.

मर्यादा खाली आणली हेही खरे आहे: १९९७ साली उपाशीपोटी निदानाचा आकडा १४० वरून १२६ वर आला, पण तो दृष्टिपटलाला इजा कोणत्या पातळीपासून दिसू लागते याच्या पाहणीवर बेतलेला होता. आणि हे निदान लॅबच्या रक्तावर होते; ग्लुकोमीटरच्या आकड्यावरून कोणालाही मधुमेही ठरवत नाहीत, त्यामुळे पट्ट्या खपवण्यासाठी मर्यादा बदलली हा तर्क इथेच तुटतो.

काकांच्या डॉक्टरांनी त्यांची गोळी बदलली आणि निर्जळी उपवास बंद करायला सांगितले. काकूंनी त्यांना दोनशे पानी वही आखून दिली आहे, तिच्यात तारीख, वेळ, जेवणाआधी की नंतर, काय खाल्ले आणि हात धुतले का असे रकाने आहेत. कार्तिकी एकादशीच्या ओळीत त्यांच्या थरथरत्या अक्षरात लिहिले आहे: सकाळी ११, राजगिऱ्याच्या लाडवानंतर दोन तासांनी, हात धुऊन, १३७.