साहसपटांचे कागद कोणी सांभाळायचे?

मुंबईतल्या एखाद्या लिलावात हाताने रंगवलेले जुने चित्रपट-पोस्टर मोठ्या किमतीला विकले गेले, की आपल्याकडे एक ठरलेला वाद उसळतो. घेणारा परदेशस्थ असल्याचे कळते किंवा तसा नुसता संशय येतो, आणि ‘आपला वारसा बाहेर चालला’ अशी हळहळ सुरू होते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्याचा निर्णय घेतला आणि २०२२ मध्ये तो अमलात आला. तेव्हापासून या हळहळीत सरकारवरच्या अविश्वासाचीही भर पडली आहे. मी मेक्सिको सिटीत राहतो आणि जुन्या साहसपटांची मेक्सिकन लॉबी कार्डे जमवतो, म्हणजे या वादातल्या संशयितांपैकीच एक आहे. तरीही इथून पाहताना मला वाटते, की विकला गेलेला कागद म्हणजे गमावलेला कागद, हे या वादाचे गृहीतकच चुकीचे आहे.

लॉबी कार्ड म्हणजे चित्रपटगृहाच्या दर्शनी दालनात, काचेच्या चौकटीत लावायचे छोटे जाहिरातपत्र. अमेरिकी कार्डे जाड पुठ्ठ्यावर छापली जात. मेक्सिकन कार्ड त्यांच्याहून मोठे, साधारण ३२ बाय ४२ सेंटिमीटरचे, पण कागद पातळ. बहुधा आठ कार्डांचा संच असे. आठही कार्डांवर रंगवलेले चित्र तेच, आणि त्यात राखलेल्या चौकटीत प्रत्येक कार्डावर चित्रपटातले वेगळे छायाचित्र. खरी गंमत त्या रंगवलेल्या भागात आहे. हॉलिवूडचा चित्रपट असला तरी इथले वितरक पुष्कळदा स्थानिक चित्रकारांकडून नवे चित्र करून घेत, आणि या चित्रकारांनी चित्रपटाशी प्रामाणिक राहण्याचे बंधन फारसे मानले नाही. पडद्यावर क्षणभर दिसणारी मगर कार्डावर अर्धी जागा व्यापते, नायिकेच्या साडेतीन ओळींच्या भूमिकेला ज्वालामुखीची पार्श्वभूमी मिळते. छायाचित्र खरे सांगते आणि चित्र थापा मारते, आणि हे दोन्ही एकाच कागदावर शेजारी शेजारी नांदतात, म्हणून मला अमेरिकी कार्डांपेक्षा ही कार्डे अधिक आवडतात.

यात साहसपटच का, असे मला पुण्याचे स्नेही विचारतात. साहसपट मेक्सिकोत केवळ आयात झाले नाहीत, हे त्याचे एक उत्तर. जॉनी वाइसम्युलरने टारझनची शेवटची भूमिका केली तो १९४८चा चित्रपट अकापुल्कोच्या किनाऱ्यावर आणि मेक्सिको सिटीच्या चुरुबुस्को स्टुडिओत चित्रित झाला. पुढे वाइसम्युलर अकापुल्कोतच राहिला आणि १९८४ मध्ये तिथेच वारला. त्याच वर्षी रोडोल्फो गुस्मान वेर्ता हा मल्लही गेला. ‘एल सान्तो’ या नावाने चंदेरी मुखवटा घालून त्याने पन्नासहून अधिक चित्रपटांत रक्तपिपासू स्त्रिया, वेडे शास्त्रज्ञ आणि ग्वानाह्वातोच्या ममींशी कुस्ती केली. या चित्रपटांना त्या काळच्या जाणत्या समीक्षकांनी दारात उभे केले नव्हते. जे समीक्षकांना नको असते ते संस्थाही सहसा जपत नाहीत, आणि उत्तराचा दुसरा भाग हाच आहे.

संस्थांनी जपले तरी काय होते, याचा अनुभव मेक्सिकोला आहे. १९७४ मध्ये सुरू झालेल्या सिनेतेका नासिओनाल या राष्ट्रीय चित्रपट-संग्रहाला २४ मार्च १९८२ रोजी आग लागली. सहज पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मची तळघरे, हजारो चित्रपटांच्या प्रती, पटकथा, ग्रंथालय हे सारे जळाले आणि माणसेही दगावली. आपल्याकडे जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारातल्या चित्रपट संस्थेत, नायट्रेटच्याच साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या मूळ प्रतींसह बरेच काही गेले. सरकारने सर्व काही एका छताखाली आणावे म्हणजे ते सुरक्षित होईल, असे म्हणणाऱ्यांनी या दोन तारखा एकत्र वाचाव्यात. मेक्सिकोत जे उरले ते पुष्कळसे एका छताखाली नव्हते म्हणून उरले: राष्ट्रीय विद्यापीठाच्या १९६० पासूनच्या फिल्मोतेकात म्हणजे चित्रपट-संग्रहात, निर्मात्यांच्या कुटुंबांत आणि फेरीवाल्यांच्या खोक्यांत. तेपोस्तलान या गावात काल्देरोन या निर्मात्या घराण्यातल्या बिबियाना गार्सिया बेस्ने यांनी उभारलेल्या ‘पेर्मानेन्सिया बोलुन्तारिया’ या खासगी संग्रहाने सान्तोसारख्या लोकप्रिय, उपेक्षित चित्रपटांना आसरा दिला. विद्वानांना त्यांचे मोल कळेपर्यंत निम्मे काम झालेले होते.

खोक्यांबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. रविवारी ला लागुनिया भागात जुना बाजार भरतो, पुण्याच्या जुन्या बाजाराइतकाच अस्ताव्यस्त आणि भावाच्या बाबतीत त्याहून चतुर. तिथले विक्रेते कार्ड हातात देण्याआधी गिऱ्हाइकाचे डोळे कुठे थांबतात ते पाहतात. मी आधी कागद पाहतो, छपाई भिंगाखाली पाहतो, मग पाठ पाहतो. कोपऱ्यांना टाचण्यांची भोके, चिकटपट्टीचे पिवळे डाग, मधली घडी, मागे पेन्सिलने लिहिलेले एखाद्या चित्रगृहाचे नाव, या ज्या खुणांमुळे भाव उतरतो त्यांच्यामुळेच माझा विश्वास वाढतो, कारण ते कार्ड खरोखर कुठेतरी लागले होते. चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला की पूर्वीचेच चित्र नव्या शाईत छापले जाई, त्यामुळे चित्र जुने आणि कागद वीस वर्षांनी तरुण असा प्रकार सर्रास आढळतो. त्यात फसवणूक नाही. पुनःप्रदर्शनाचे कार्डही खरेच असते, फक्त ते वेगळ्या वर्षाचे असते आणि त्या वर्षाच्या भावाने घ्यायचे असते.

हा बाजार भावावर चालतो, आणि माझा मुद्दा इथेच आहे. सान्तोच्या कार्डाला पैसे मिळतात हे कळल्यावर बंद पडलेल्या चित्रगृहांच्या माळ्यावरचे गठ्ठे रद्दीत जायचे थांबले. आपल्याकडे हा भाव फार उशिरा आला, आणि आला तोही मोजक्या हिंदी चित्रपटांच्या पोस्टरांना. मराठी चित्रपटाच्या वारशाविषयी बोलताना आपण संतपटांपाशी थांबतो, पण कोल्हापुरातून पुढे आलेला मास्टर विठ्ठल हा मूकपटांच्या काळातला तलवारबाज नायक होता, ‘आलम आरा’पूर्वी त्याच्या नावावर गर्दी जमत असे, हे किती जणांना ठाऊक आहे? त्याच्या मूकपटांपैकी जवळजवळ काहीच उरलेले नाही. अशा वेळी एखादी जाहिरात, एखादे छायाचित्र हाच चित्रपटाचा उरलेला देह असतो. पुण्याच्या संग्रहालयाने पोस्टरे आणि गाण्यांच्या चोपड्या जमवल्या आहेत, हे त्याचे श्रेय द्यायलाच हवे; पण तिथे पोचण्याआधीचा मोठा वाटा रद्दीवाल्याच्या तराजूतून गेला. कोणत्याही परदेशस्थ गिऱ्हाइकाने इतके नुकसान केलेले नाही.

कायदाही इथे उपयोगी पडत नाही. योगायोग असा, की पुरावस्तूंविषयीचा भारताचा कायदा आणि स्मारकांविषयीचा मेक्सिकोचा कायदा दोन्ही १९७२चे. आपल्या कायद्याची सर्वसाधारण मर्यादा शंभर वर्षांची, तर मेक्सिकोच्या कायद्याची नजर मुख्यतः प्राचीन आणि वसाहतकालीन ठेव्यावर. १९५० सालच्या जाहिरातीचा कागद दोघांच्याही जाळीतून निसटतो. तो अडवण्यासाठी जाळी बारीक करावी असे मला वाटत नाही, कारण बंदी आली की खोकी माळ्यावर परत जातात.

याचा अर्थ संग्राहकाला हार घालावेत असा मुळीच नाही. आमच्या जमातीचे दोष मी रोज पाहतो. आठ कार्डांचा संच एकत्र विकण्यापेक्षा सुटा विकला तर जास्त पैसे येतात, म्हणून संच फोडले जातात, आणि एकदा फुटलेला संच पुन्हा जुळत नाही. काही जण आपल्याकडे काय आहे ते कोणाला सांगत नाहीत, कारण दुर्मीळपणाचा भाव गुप्ततेवर टिकतो. कपाटात कुलूपबंद असलेले कार्ड अभ्यासकाच्या दृष्टीने जळालेल्या कार्डापेक्षा फारसे वेगळे नसते.

आणि मग ‘आपला’ म्हणजे नेमका कोणाचा? म्हैसूरजवळ जन्मलेल्या साबूने १९४२ मध्ये मोगलीची भूमिका केली तो चित्रपट कॅलिफोर्नियात, हंगेरियन बंधूंनी निर्माण आणि दिग्दर्शित केला होता. अशा चित्रपटांसाठी मेक्सिकन चित्रकारांनी जो भारत रंगवला तो त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. त्या कागदावर कोणत्या देशाने हक्क सांगायचा, यावर पुण्यात आणि इथे दोन्हीकडे चर्चासत्र घेता येईल; तोवर त्याची नोंद करून ठेवणे अधिक उपयोगाचे.

म्हणून माझी सूचना मालकीची नाही, नोंदीची आहे. लिलावगृहे तशीही छापील यादी काढतात. विक्रीआधी प्रत्येक वस्तूची पुढची आणि पाठची प्रतिमा, मापे आणि मुद्रकाचा उल्लेख पुण्याच्या संग्रहालयाकडे जमा करणे हा विक्रीचा भाग व्हावा, मग वस्तू कोथरूडला जावो की कॅनडाला. संग्राहकांनीही तेच करावे. यावर लागुनियातल्या एका अनुभवी विक्रेत्याने घेतलेला आक्षेप मला रास्त वाटतो: चांगली प्रतिमा बाहेर पडली की तिच्यावरून नकला छापल्या जातात, आणि तशा नकला त्याच्या शेजारच्याच फळीवर मिळतात. त्यामुळे सर्वांना दिसणारी प्रतिमा लहान आणि ढोबळ असावी, आणि पाठीचे, कडांचे, टाचणीच्या भोकांचे तपशील संग्रहालयाने स्वतःपाशी ठेवून ते अभ्यासकांना आणि खरेदीदारांना मागणीनुसार दाखवावेत. नक्कल करणारा चित्र उतरवू शकतो; भोके नेमकी कुठे आहेत, हे मात्र त्याला कळणार नाही.