मुलांना फसवता कशाला? ‘कलर वॉर’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

अमेरिकेतल्या समर कॅम्पच्या आठवणी लिहिताना ‘कलर वॉर’, म्हणजे सगळ्या मुलांच्या दोन रंगांच्या टीम पाडून होणारी कॅम्पच्या शेवटची स्पर्धा, अचानक जाहीर होतं त्या संध्याकाळींबद्दल मी जरा रंगात येऊनच लिहिलं होतं. त्यावर तुमची खरमरीत प्रतिक्रिया आली. तिच्याखाली ‘धन्यवाद सर’ एवढंच लिहून मोकळं होणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे सविस्तर.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात: सर निवृत्त शिक्षक आहेत, शाळेची शिबिरं त्यांनी वर्षानुवर्षं घेतली आहेत. त्यांचे आक्षेप तीन. दिवे घालवून, आगीचा बंब आणून मुलांना दचकवायचं आणि त्याला सरप्राइज म्हणायचं, ही मोठ्या माणसांची हौस आहे. दुसरं, एकत्र राहणाऱ्या पोरांना एका रात्रीत दोन रंगांत वाटून झुंजवणं म्हणजे मनात विष कालवणं. ‘रॉबर्स केव्हचा प्रयोग वाचा’ असं त्यांनी बजावलंय (कॅम्पवरच्या मुलांच्या दोन गटांत वैर पेटवणारा जुना अमेरिकन प्रयोग, त्याबद्दल पुढे). आणि तिसरं, हे सगळे श्रीमंतांच्या पोरांचे चोचले. शेवटी मात्र एक प्रश्न विचारलाय: यातलं आमच्या गावच्या उन्हाळी शिबिरात घेण्यासारखं काही आहे का?

तिसरा आक्षेप आधी उरकतो, कारण त्यावर भांडण नाही. मी ज्या कॅम्पवर काउन्सेलर, म्हणजे मुलांना सांभाळणारा, म्हणून होतो तो पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्य कोपऱ्यात, वेन काउंटीत. होन्सडेलच्या आसपासच्या त्या टापूत तळ्याकाठी असे कॅम्प ठिकठिकाणी आहेत. सात आठवड्यांची फी आज दहा हजार डॉलरच्या वर जाते. आम्हाला, म्हणजे जे-१ या तात्पुरत्या व्हिसावर परदेशातून कामाला आलेल्या पोरांना, त्यातलं किती मिळायचं ते न विचारलेलं बरं. पण कलर वॉर काही फक्त पैसेवाल्यांच्या कॅम्पवर होत नाही. वायएमसीएच्या, चर्चच्या, ज्यू संस्थांच्या साध्या कॅम्पवरही ते असतं. ज्यू कॅम्पवर त्याला बऱ्याचदा ‘मकाबिया’ म्हणतात. कुठे ‘ऑलिंपिक्स’ म्हणतात. प्रकार तोच: कॅम्प संपत आला की ऑगस्टमध्ये सगळ्या मुलांच्या दोन टीम पाडायच्या, चार-पाच दिवस पोहण्यापासून गाण्यापर्यंत सगळ्याचे गुण मोजायचे. ते नेमकं कधी सुरू होणार हे कुणालाच सांगायचं नाही. सुरू होतं त्या क्षणाला ‘ब्रेक’ म्हणतात.

आता दचकवण्याचं. सर, तुमच्या डोळ्यांसमोर जे चित्र आहे त्यात मुलं निवांत झोपली आहेत आणि कुणीतरी भोंगा वाजवून त्यांना उठवतंय. प्रत्यक्षात ब्रेक होणार हे सगळ्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. पालकभेटीचा दिवस उलटला की पोरं कामाला लागतात. ऑफिसमागे खोकी उतरली, त्यात टी-शर्ट असणार. अमक्या काउन्सेलरच्या नखाला निळा रंग कसा लागला? डायरेक्टर आज जेवताना दोनदा हसला, काहीतरी आहे. माझ्या बंकमधली, म्हणजे मी सांभाळायचो त्या खोलीतली, नऊ-दहा वर्षांची पोरं रात्री टॉर्च लावून वहीत पुरावे लिहायची. एकाने तर माझ्या बुटांचा चिखल तपासला होता, कारण तळ्याकडच्या वाटेचा चिखल वेगळा दिसतो म्हणे.

आणि आम्ही मुद्दाम पिल्लू सोडायचो. जेवणाच्या हॉलमध्ये दोन काउन्सेलर उगाच कुजबुजणार, पोर जवळ आलं की गप्प होणार. मग हूल. संध्याकाळी झेंडा उतरवायच्या वेळी डायरेक्टर गोल्फ कार्टवर दिवे लावून, कर्णा वाजवत मैदानाला चक्कर मारायचा. तीनशे पोरं किंचाळत झेंड्याच्या खांबाकडे. डायरेक्टर कार्टवर उभा राहणार, हात वर करणार, सगळीकडे चिडीचूप. मग म्हणणार, “उद्या सकाळी लॉन्ड्रीच्या पिशव्या नाश्त्याआधी बाहेर ठेवा.” त्यानंतर जो हुर्यो उडायचा! पण त्या हुर्योत राग नसायचा. आज फसलो, उद्या बघू. शेजारच्या पोराच्या पाठीत गुद्दा घालून सगळे हसत जेवायला जायचे. जो खेळ दोन्ही बाजूंना माहीत आहे आणि दोन्ही बाजू खेळतायत, त्याला फसवणूक कसं म्हणायचं?

ज्याला हा खेळ झेपत नाही असं एखादं पोर मात्र असतंच. माझ्या बंकमध्ये एक होता. मोठा आवाज झाला की कानांवर हात घेऊन खाली बसायचा. ब्रेकच्या आदल्या दिवशी आमच्या गटप्रमुख बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, त्याला सगळं आधीच सांगून टाक, कधी, कुठे, कसा आवाज होणार ते. तळ्याकाठी नेऊन सांगितलं. त्याने दोन प्रश्न विचारले: “फटाके आहेत का?” नव्हते. “आणि हे अजून कुणाला सांगितलंय?” कुणालाच नाही. त्यानंतरचा अख्खा दिवस तो पोरगा दोन्ही हात खिशात घालून फिरत होता. बाकीचे पुराव्यांवर वाद घालत होते, हा मध्येच “मला नाही वाटत या आठवड्यात होईल” असं ठोकून द्यायचा. इतका निर्विकार चेहरा मी आमच्या सीनियर मंडळींचाही पाहिला नाही.

खऱ्या आगीच्या घंटेबद्दल मात्र मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. खोटी आग, खोटा अपघात, काउन्सेलरांची खोटी मारामारी या गोष्टी काही कॅम्पवर ब्रेकसाठी वापरल्या गेल्यात, आणि त्या वाईटच. तिथल्या मुलांना शाळेत बंदूकधारी शिरला तर काय करायचं याच्या कवायती कराव्या लागतात. त्यांच्यापुढे संकटाचं सोंग आणायचं म्हणजे क्रूरपणा आहे. आमच्याकडे आगीचा भोंगा ब्रेकसाठी कधीही वाजवायचा नाही असा नियम होता. बंब यायचा, पण तो गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा, दिवसाउजेडी, टपावर दोन्ही टीमचे सेनापती रंग फासून बसलेले. त्याला बघून आग आठवावी असं काही नव्हतं.

तसाही बंब, हेलिकॉप्टर, हवाई छत्रीतून उतरणारा माणूस हा खर्चिक थाट मला फारसा आवडत नाही. कॅम्पाकॅम्पांत त्यावरून चढाओढ चालते. मला सगळ्यात आवडलेला ब्रेक कपकेकचा होता. रविवारचं रात्रीचं जेवण, शेवटी नेहमीसारखे कपकेक, वर पांढरं आयसिंग. आचाऱ्याने आतल्या पिठात खाण्याचा रंग घातला होता, अर्धा निळा, अर्धा पिवळा. हे फक्त स्वयंपाकघराला आणि आम्हा सहा-सात जणांना माहीत. मी टेबलाशी उभा राहून उगाच पाण्याचे जग सारखे करत होतो. मोठी पोरं आधी आयसिंग चाटत बसली, त्यामुळे पहिला घास सगळ्यात लहानांच्या टेबलावर पडला. तिथल्या एकाने हातातल्या तुकड्याकडे पाहिलं, मग शेजाऱ्याच्या तुकड्याकडे, मग परत आपल्या. तोंड भरलेलं, त्यामुळे ओरडता येईना. बाकावर चढून नुसताच तो तुकडा डोक्यावर धरून नाचवायला लागला. दोन क्षण कुणाला काही कळेना. मग तीनशे कपकेक एकदम फोडले गेले आणि जो आवाज उठला त्याने पत्र्याचं छप्पर हाललं. खिशात हात घालून फिरणारा आमचा गडी तेवढा शांतपणे खात होता. कान झाकायची गरज त्याला पडली नाही.

आता रॉबर्स केव्ह. १९५४ चा उन्हाळा, ओक्लाहोमा, मुझफ्फर शेरीफ हे मानसशास्त्रज्ञ. अकरा-बारा वर्षांची बावीस मुलं, एकमेकांना आधीपासून न ओळखणारी, दोन गटांत विभागून कॅम्पवर आणली. साधारण आठवडाभर एका गटाला दुसऱ्याचा पत्ता लागू दिला नाही. त्या काळात त्यांनी आपापली नावं घेतली, ‘ईगल्स’ आणि ‘रॅटलर्स’. मग बेसबॉल, रस्सीखेच अशा सामन्यांसाठी समोरासमोर आणलं. जिंकणाऱ्यांना पदकं आणि प्रत्येकाला एकेक चाकू. पुढचं तुम्हाला माहीत आहे: झेंडे जाळले, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घातल्या, हरलेल्यांनी जिंकलेल्यांचे चाकू पळवले. शेवटी पाण्याचा पुरवठा बंद पाडून, ट्रक बंद पाडून, सगळ्यांना मिळूनच सोडवता येतील अशा अडचणी उभ्या केल्या तेव्हा वातावरण निवळलं. हे पाठ्यपुस्तकांत येतं.

पुस्तकांत फारसं न येणारा भाग त्याच्या आदल्या वर्षीचा आहे. १९५३ मध्ये शेरीफ यांनी न्यूयॉर्क राज्यात मिडल ग्रोव्ह इथे असाच कॅम्प घेतला होता. फरक एवढाच, की तिथे सगळी मुलं आधी एकत्र राहिली, त्यांची दोस्ती झाली, आणि मग त्यांच्या दोन टीम पाडल्या. संशोधकांनी भांडण लावण्यासाठी हर प्रयत्न केले. एका गटाच्या वस्तूंची नासधूस करून दुसऱ्यावर संशय जाईल अशी व्यवस्था केली. मुलं भांडेनात. उलट त्यांना संशय आला तो मोठ्यांचाच. प्रयोग अर्ध्यात गुंडाळावा लागला. ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञ जीना पेरी यांनी जुनी कागदपत्रं धुंडाळून आणि त्यातल्या मुलांना म्हातारपणी गाठून हे सगळं २०१८ मध्ये पुस्तकरूपाने मांडलंय.

कलर वॉर बसतं ते मिडल ग्रोव्हच्या रांगेत, आणि माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. ब्रेक होतो तो सहाव्या-सातव्या आठवड्यात. तोवर पोरांनी एकत्र घर आठवून रडून घेतलेलं असतं, एकमेकांचे मोजे घातलेले असतात, एकाच टॉयलेटच्या सफाईवरून भांडून झालेलं असतं. मग यादी वाचली जाते आणि बंक मधोमध फुटतो. वरच्या पलंगावरचा निळा, खालच्या पलंगावरचा पिवळा. झोपायला मात्र दोघे तिथेच. दिवसा एकमेकांना पाण्यात ढकलायचं आणि रात्री “तुमचा रिले भारी झाला, पण उद्या बघ” म्हणत टॉर्च विझवायचा. आमच्याकडे भावंडं नेहमी एकाच रंगात टाकायचे, म्हणजे घरी भांडण जाणार नाही. आणि बक्षीस? काही नाही. चाकूबिकू सोडाच, साधं पेनही नाही. जेवणाच्या हॉलमध्ये लाकडी फळीवर त्या वर्षीच्या कप्तानांची नावं रंगवतात, तेवढंच.

म्हणूनच ब्रेक अचानक असावा लागतो. तारीख आधी जाहीर केली असती तर पोरांनी आठवडाभर आधीपासून गट जमवले असते, कोण कुठे जाणार याच्या चिठ्ठ्या फिरल्या असत्या, मोठी पोरं दादागिरीला लागली असती. तारीख माहीत नसल्यामुळे सगळी तीनशे पोरं मिळून एका बाजूला, आणि आम्ही काउन्सेलर दुसऱ्या. टीम पडायच्या आधी दोन आठवडे अख्खा कॅम्प एकच टीम होऊन आमच्यावर पाळत ठेवत असतो.

आपल्या शाळांतल्या ‘हाऊस’ पद्धतीशी जरा ताडून बघा. जूनमध्ये पोराला लाल किंवा हिरवा रंग चिकटतो, शेजारच्या बाकावरच्याचं नाव माहीत व्हायच्या आत, आणि तो वर्षानुवर्षं सुटत नाही. त्याला आपण कुणी विष म्हणत नाही.

कलर वॉरमध्ये सगळं गोड असतं असं माझं म्हणणं नाही. कप्तान सोळा-सतरा वर्षांचे असतात आणि त्यांच्यातल्या एखाद्याच्या डोक्यात हवा जातेच. रिले हरवला म्हणून लहान पोरावर ओरडणारा कप्तान मी पाहिलाय. त्याच्या टीमचे गुण तिथल्या तिथे कापले गेले. शेवटच्या रात्री गाण्यांची स्पर्धा असते, त्यात हमसून रडणारी पोरं बघून मला सुरुवातीला काही सुधरेनाच. हरतायत म्हणून रडतायत असं वाटलं. नंतर गाण्याचे शब्द नीट ऐकले, तर दोन्ही टीमची शेवटची गाणी कॅम्पबद्दलच होती, आपल्या रंगाबद्दल चकार शब्द नाही. गुण जाहीर झाल्यावर दोन्ही रंग कपड्यांसकट तळ्यात.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. शिबिर पाच दिवसांचं असेल तर माझ्या मते हा प्रकार करू नका. दोस्ती व्हायला तेवढा वेळ पुरत नाही, आणि मग तुम्ही म्हणता तसंच होईल. दहा-बारा दिवसांचं असेल तर शेवटचे दोन दिवस ठेवा. टीम पाडताना चिठ्ठ्या टाकू नका, कागद-पेन्सिल घेऊन बसा. आम्हाला ती यादी करायला तीन रात्री लागायच्या: पोहणारे दोन्हीकडे सारखे हवेत, गाणारे सारखे, मस्तीखोरही सारखे. एका तंबूतली मुलं कटाक्षाने निम्मी-निम्मी. ज्या मुलाला दचकायला होतं त्याला आधी सांगा, आणि निदान दोन हुली द्या, नाहीतर पोरं खऱ्या ब्रेकला दाद देणार नाहीत.

बंबाची गरज नाही. रात्रीच्या खिचडीवर झाकण असतं, त्याच्या आतल्या बाजूला काहीतरी चिकटवता येईल. फक्त स्वयंपाकाच्या मावशींना आधी विश्वासात घ्या. त्या कुणाला बोलणार नाहीत, पण न सांगता त्यांच्या पातेल्याला हात लावलात तर दुसऱ्या दिवशीचा चहा विसरा. यादीचा तक्ता कसा करायचा ते हवं असेल तर कळवा, ईमेलने पाठवतो.