रांजणवाडी: ती सुई आधी खाली ठेवा

मागच्या आठवड्यात रात्री साडेनऊला वहिनीचा फोन आला. "सुई तापवून ठेवली आहे, पण ही हात लावू देत नाही. तूच सांग, आत्याचं ऐकते ती." भाची आठ वर्षांची. वरच्या पापणीवर रांजणवाडी येऊन तिसरा दिवस. सुई कशासाठी, तर वहिनीला तिच्या मावशीने पाठवलेला मेसेज: 'रांजणवाडी एका रात्रीत घालवा, डॉक्टरांना पैसे देऊ नका.' व्हिडिओ कॉल लावला तेव्हा कळलं की मेसेजमधला पहिला उपाय दुपारीच करून झाला होता. पापणीची कातडी लालभडक आणि मधोमध सोललेली. लसूण चोळला होता.

त्यानंतर तोच मेसेज मला आणखी दोघांनी पाठवला. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

मेसेजमध्ये पाच गोष्टी आहेत: कापलेली लसणाची पाकळी दिवसातून तीनदा चोळा, पांढरं तोंड दिसलं की तापवलेल्या सुईने फोडून पू पिळून काढा, शेक जितका कडक तितका चांगला, रांजणवाडी झालेल्याकडे बघू नका, बघितलं की लागते, आणि अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो, डॉक्टर उगाच लिहून देतात.

आधी रांजणवाडी म्हणजे काय ते. पापणीच्या कडेला, केसांच्या मुळाशी, तेलकट स्राव सोडणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. एखादीचं तोंड बुजतं, आत जंतू वाढतात आणि पू धरतो. बहुतेक वेळा हे जंतू स्टॅफिलोकोकस ऑरियस जातीचे असतात. ते धडधाकट माणसाच्या नाकात आणि कातडीवरही सापडतात. कधी गाठ पापणीच्या आतल्या बाजूच्या मायबोमियन ग्रंथीत होते. ती जास्त ठणकते.

आता लसूण. 'लसूण म्हणजे नैसर्गिक अँटिबायोटिक' असं मेसेज म्हणतो. लसूण कापला की ॲलिसिन तयार होतं आणि प्रयोगशाळेत ते जंतू मारतं, इथपर्यंत खरं आहे. पण पापणी म्हणजे प्रयोगशाळेतली बशी नव्हे. अख्ख्या शरीरात सगळ्यात पातळ कातडी पापणीची, एक मिलिमीटरसुद्धा जाड नाही. कच्चा लसूण हाता-पायाच्या कातडीवर बांधून ठेवल्याने भाजल्यासारखे फोड आल्याच्या नोंदी डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत केलेल्या आहेत. मग पापणीचं काय होणार? आणि रस एक थेंब जरी आत उतरला, तरी खाली बुबुळ आहे. शिवाय पू कातडीच्या आत, ग्रंथीत साठलेला असतो. वरून चोळून भाजते ती फक्त कातडी.

सुईचा मुद्दा मात्र मला सगळ्यात भयंकर वाटतो, कारण तो वाचायला अगदी शहाणपणाचा वाटतो. सुई तापवली म्हणजे निर्जंतुक झाली, डॉक्टरही हेच करतात, मग आपण केलं तर काय बिघडलं? तापवून सुई निर्जंतुक झाली असेलही, पण पिळणारी बोटं नाहीत आणि पापणीही नाही. पिळलं की पू फक्त बाहेरच येतो असं नाही. दाब आतही जातो आणि एका ग्रंथीपुरता राहिलेला संसर्ग आजूबाजूला पसरू शकतो. सगळी पापणी सुजून डोळा मिटतो, त्याला सेल्युलायटिस म्हणतात. हाच संसर्ग पापणीच्या मागचा पातळ पडदा ओलांडून डोळ्याच्या खोबणीत शिरला, तर नजर जाऊ शकते. इथल्या शिरा पुढे कवटीच्या आतल्या मोठ्या शिरांना जोडलेल्या असतात, तेव्हा धोका डोळ्यापाशीच थांबेल असंही नाही. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी, आठ वर्षांची पोर घाबरून मान झटकते आणि सुईचं टोक डोळ्यापासून दोन-चार मिलिमीटरवर असतं. वहिनीला मी एवढं एकच वाक्य सांगितलं आणि तिने सुई खाली ठेवली. डॉक्टर मोठी गाठ क्वचित कापतात, पण जागा बधिर करून आणि डोळा सांभाळून.

शेक. शेकावं हे बरोबर, कडक शेकावं हे चूक. उबेने ग्रंथीत घट्ट झालेलं तेल पातळ होतं आणि वाट मोकळी व्हायला मदत होते. त्यासाठी चटका लागायची गरज नाही. स्वच्छ रुमालाची घडी सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळायची, आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची, मग मिटलेल्या डोळ्यावर ठेवायची. रुमाल दोन-तीन मिनिटांत गार होतो, पुन्हा बुडवायचा. असं दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. बहुतेकांचं घाईत पहिल्या दोन मिनिटांतच संपतं.

बघितल्याने लागते, हे साफ खोटं. पू लागलेला टॉवेल किंवा हात यांच्यातून जंतू दुसऱ्याकडे जाऊ शकतात, नजरेतून नाही. टॉवेल वेगळा ठेवा, हात धुवा. मुलीला घरात वेगळं बसवायचं कारण नाही.

अँटिबायोटिकबद्दल मात्र मेसेजचं अर्धं म्हणणं मला मान्य करावं लागतंय. साध्या रांजणवाडीला बहुतेकदा त्यांची गरज पडत नाही. कॉक्रेन ही संस्था उपचारांचे पुरावे तपासते. आतल्या बाजूच्या रांजणवाडीवर शस्त्रक्रियेशिवाय काय करता येतं, याचा आढावा तिने 2017 मध्ये पुन्हा घेतला. निकषात बसणारी एकही चाचणी सापडली नाही. पण नीट वाचा: एकाही उपचारावर नाही, शेकण्यावरही नाही. शेकायला सांगतात, कारण त्याने अपाय होत नाही आणि आठवड्या-दोन आठवड्यांत बहुतेक रांजणवाड्या आपोआपच बऱ्या होतात. 'एका रात्रीत'चं गुपितही हेच. सहाव्या दिवशी लसूण लावला, सातव्या दिवशी गाठ फुटली, श्रेय लसणाला. संसर्ग पसरला असेल तर मात्र अँटिबायोटिक लागतंच, कधी शिरेतूनही. आणि कपाटात पडलेले जुने थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो.

थांबायचं नाही अशी लक्षणं: ताप, पूर्ण पापणीची सूज, डोळा फिरवताना दुखणं, दोन-दोन दिसणं, अंधुक दिसणं, डोळा पुढे आल्यासारखा वाटणं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. न दुखणारी टणक गाठ कित्येक आठवडे राहिली तर ती बहुधा कॅलॅझियन असते, तीही दाखवा. वयस्कर माणसाला त्याच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल तर तपासणी टाळू नका, क्वचित तिथे तेलग्रंथीचा कर्करोग निघतो. वरचेवर रांजणवाडी होणाऱ्यांनी पापण्यांच्या कडा सुजतात का ते दाखवून घ्यावं आणि रक्तातली साखर तपासावी. गाठ असेपर्यंत काजळ नको, लेन्स नको.

भाचीची रांजणवाडी आठव्या दिवशी पहाटे आपली आपण फुटली, उशीवर पिवळा डाग होता. लसणाने सोललेली जागा अजून गुलाबी आहे. डोळ्याजवळ कुणाचा हात आला की ती अजून तोंड फिरवते, कोमट रुमालसुद्धा वहिनीला ती झोपल्यावरच ठेवावा लागला.