किती फेऱ्यांची आहे?

"एवढ्याशा तारेच्या वेटोळ्याला एवढे पैसे?" शेजारच्या काकांनी गॅरेजच्या दाराच्या स्प्रिंगा बदलल्याचं माझं बिल हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बेरीज पुन्हा तपासली. बेरीज बरोबर होती, मीच ती तीनदा करून पाहिली होती. फाटकाशी उभ्या उभ्या काकांना जे सांगितलं ते फारच तोकडं होतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे. ज्यांच्या गॅरेजचं दार बटण दाबल्यावर वर जातं त्यांनी वाचावी, बाकीच्यांनी खुशाल पुढे जावं.

गेल्या आठवड्यात रात्री गॅरेजमधून धडाम आवाज आला. बायकोला वाटलं गाडीचा टायर फुटला, मला वाटलं रंगाच्या डब्यांची फळी कोसळली. जाऊन पाहिलं तर सगळं जागच्या जागी. सकाळी बटण दाबलं, दार वीतभर वर गेलं, कण्हलं आणि थांबलं. मग मान वर केली. दाराच्या वर आडव्या दांडीवर दोन स्प्रिंगा असतात, त्यातल्या डावीकडच्या स्प्रिंगेत मधोमध तीन बोटं मावतील एवढी फट पडली होती. रात्रीचा आवाज तिचाच. दार बंद असतं तेव्हा या स्प्रिंगांना सर्वांत जास्त पीळ असतो, त्यामुळे कोणी हातही न लावता त्या अशा तुटू शकतात.

दार मोटर उचलते असा माझाही समज होता. प्रत्यक्षात आमच्या दुहेरी दाराचं वजन सत्तरेक किलो, आणि छताला टांगलेली मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरची. सगळा भार पेलतात त्या स्प्रिंगा. दार खाली येताना त्या पिळल्या जातात, वर जाताना तोच पीळ उलगडतो, दांडी फिरते, टोकांच्या ड्रमवर केबल गुंडाळली जाते आणि दार उचललं जातं. मोटर फक्त ढकलल्यासारखं करते. स्प्रिंग तुटल्यावर बटण दाबत राहणं म्हणजे अर्धा भार त्या बिचाऱ्या मोटरच्या गळ्यात घालणं. दोनतीन दिवस असं केलंत तर स्प्रिंगेच्या बिलात ओपनरचंही, म्हणजे त्या मोटरचंही, बिल मिळवावं लागेल.

पहिला माणूस आला तो जाहिरात बघून बोलावलेला. नुसतं येऊन बघण्याची फी अगदी नाममात्र. त्याने शिडीही लावली नाही. खालूनच टॉर्च मारला आणि म्हणाला, "साहेब, सगळाच सेट बदलावा लागेल." सेट म्हणजे स्प्रिंगा, केबल, ड्रम, बेअरिंगं, शिवाय सगळे रोलर. वर "आजन्म वॉरंटी". आकडा ऐकून मी खुर्चीवर बसलो. एकच विचारलं, की रोलरला काय झालंय? "जुने आहेत." जुना तर मीही आहे.

या आजन्म वॉरंटीबद्दल माझं मत जरा कडवट आहे. बारीक अक्षरं वाचली तर वॉरंटी बहुतेकदा फक्त वस्तूची निघते. स्प्रिंग पुन्हा तुटली की नवी फुकट, पण ती बसवायला येण्याचे आणि बसवण्याचे पैसे प्रत्येक वेळी नव्याने. माझ्या बिलात दोन्ही स्प्रिंगांचा वाटा तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आहे, बाकी सगळं येणं आणि बसवणं. म्हणजे फुकट काय मिळणार, तर बिलातला सर्वांत स्वस्त भाग.

दुसरा माणूस एका ओळखीच्यांनी सुचवला. त्याने आधी शिडी लावली, तुटलेल्या स्प्रिंगेवरून बोट फिरवलं आणि काही न बोलता ते बोट माझ्यापुढे धरलं. तांबूस गंज. सहा वर्षांत मी तिला तेलाचा थेंब दाखवला नव्हता. मग त्याने वीस वेढे मोजून त्यांची लांबी घेतली आणि वीसने भागली. ही तारेची जाडी. त्यानंतर आतला व्यास, स्प्रिंगेची पूर्ण लांबी, आणि वेढे डावे की उजवे. जाडी एवढी काटेकोर कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, केसभर जाड तार घातली तर दार खाली बसायचं नाही, केसभर बारीक घातली तर वर राहायचं नाही. नंतर मी शोधून खात्री केली. बाकी मापं तीच ठेवली तर स्प्रिंगेची ताकद जाडीच्या चौथ्या घाताने बदलते. तार 3 टक्के जाड, तर ताकद सुमारे 12 टक्के जास्त. "दिसायला तशीच" स्प्रिंग स्वस्तात मागवणाऱ्यांनी एवढा गुणाकार करून बघावा.

आणि मग त्याने मला तो प्रश्न विचारला, जो खरं तर मी त्याला विचारायला हवा होता. "किती फेऱ्यांची घालू?"

दार एकदा उघडून बंद झालं की एक फेरी. साधी स्प्रिंग साधारण 10,000 फेऱ्यांच्या हिशेबाने बनवलेली असते. आकडा ऐकायला दांडगा वाटतो. आम्ही या घरात आलो तेव्हा दार नवं होतं, त्याला सहा वर्षं झाली. दिवसाला चार-पाच फेऱ्या धरा: सकाळी दोन गाड्या, संध्याकाळी दोन, मधे कोणीतरी सायकल काढतं. सहा वर्षांचे 2,190 दिवस, गुणिले साडेचार, 9,855. मी कॅल्क्युलेटर खाली ठेवला. रात्री त्या आवाजावर मी बराच वेळ नशिबाला बोल लावत होतो, आणि स्प्रिंग तर अगदी वेळेवर निवृत्त झाली होती. ज्यांच्याकडे पुढचं दार शोभेला आणि घरातली सगळी माणसं गॅरेजमधूनच ये-जा करतात, त्यांच्या आठ फेऱ्या सहज होतात. तिथे तीच स्प्रिंग साडेतीन वर्षंही काढत नाही.

25,000 फेऱ्यांची स्प्रिंगही मिळते. तिच्यात जादू काही नाही, तार जाड आणि स्प्रिंग लांब. जाडीने वाढलेला जोर लांबीने पुन्हा जागेवर येतो, दाराला ताकद तेवढीच मिळते, पण प्रत्येक फेरीत पोलादावर ताण कमी पडतो. जास्तीचा खर्च फक्त जास्तीच्या पोलादाचा. बसवायची मजुरी तीच, यायची फी तीच. माझ्या एकूण बिलात त्याने जेमतेम दहावा हिस्सा वाढला आणि माझ्या हिशेबाने वर्षं झाली पंधरा. दोन्ही स्प्रिंगा एकदम बदलल्या तेही याच हिशेबात. दुसरीनेही तेवढ्याच फेऱ्या मारल्या होत्या, चार महिन्यांनी ती गेली असती तर येण्याची फी पुन्हा भरावी लागली असती. म्हणून भाव विचारताना "किती पडतील" याच्या आधी "किती फेऱ्यांची" हे विचारा. याचं उत्तर देता न येणाऱ्याला चहा पाजून निरोप द्यावा.

काकांचा खरा आक्षेप मजुरीवर होता. "तासाभराचं काम!" तास नव्हे काका, पन्नास मिनिटं. पण ती मी तिथे उभं राहून पाहिली आहेत. तुटलेल्या स्प्रिंगेत आता काही जोर नाही, धोका तिच्यात नाही. धोका शेजारच्या शाबूत स्प्रिंगेत, ती अजून पूर्ण पिळलेली असते. ती सोडवायची म्हणजे तिच्या टोकाच्या शंकूत हातभर लांबीची पोलादी सळई घालायची, वजन हातावर घ्यायचं, मगच स्क्रू ढिले करायचे, आणि पाव पाव वेढ्याने पीळ उतरवायचा. एक सळई धरून ठेवते, दुसरी पुढच्या भोकात जाते, मग पहिली निघते. नवी पिळताना तेच उलट. मी मोजले, एका स्प्रिंगेला तीस पाव-वेढे. सगळा वेळ तो शिडीवर बाजूला उभा होता, स्प्रिंगेच्या समोर एकदाही नाही. पहिल्या दहा पाव-वेढ्यांपर्यंत आम्ही गप्पा मारत होतो. विसाव्यानंतर तो बोलायचा थांबला आणि मीही. सळईच्या जागी स्क्रूड्रायव्हर घालून हे करणारे शूर आहेत, त्यांचे व्हिडिओही आहेत. मी घरातला नळ, पंखा, मिक्सर सगळं उघडतो, पण इथे माझे हात खिशात होते आणि त्या मजुरीबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

पैसे देण्याआधी एक मात्र करून घेतलं. दार बंद असताना ओपनरची लाल दोरी, म्हणजे दार मोटरपासून सुटं करणारी, ओढली आणि दार हाताने अर्ध्यावर नेऊन सोडलं. जिथे सोडलं तिथेच राहिलं, खाली घसरलं नाही की वर पळालं नाही. वजन बरोबर तोललं गेलंय याची हीच खूण. (ती दोरी दार वर असताना, त्यातही स्प्रिंग तुटलेली असताना, चुकूनही ओढू नका. सत्तर किलो थेट खाली येतात.)

रात्रीअपरात्री बोलावण्याचा जादा आकार मी वाचवला, कारण गाड्या नशिबाने बाहेर होत्या. आत असत्या तर गुपचूप भरला असता.

हे सगळं ऐकून काकांनी बिल परत दिलं आणि जरा वेळाने हळूच विचारलं, "आमच्या दाराला नऊ वर्षं झाली रे." त्यांच्याकडे दांडीवरच्या नाहीत, दोन्ही बाजूंच्या रुळांवर ताणलेल्या लांब स्प्रिंगा आहेत. तशा स्प्रिंगेच्या पोटातून एक सुरक्षा-केबल गेलेली असावी लागते, नाहीतर तुटल्यावर तुकडा गोफणीतून सुटल्यासारखा जातो. त्यांच्याकडे ती आहे की नाही, त्यांना आठवेना. रविवारी दोघांनी जाऊन बघायचं ठरलंय. फक्त बघायचं. शिडी काकूंनी आधीच कुलपात ठेवली आहे.