जीपीए म्हणजे टीबी नव्हे

‘जीपीए हा टीबीचाच प्रकार, रुग्णाचं ताटवाटी वेगळं ठेवा, औषध नाही’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. जीपीए (ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस) या दुर्मीळ आजारात आपलीच प्रतिकारशक्ती लहान रक्तवाहिन्यांवर उलटते, त्यामुळे लागण होत नाही. गोंधळ मात्र समजण्यासारखा आहे: फुप्फुसात गाठी नि पोकळ्या, खोकल्यातून रक्त, घटतं वजन, सगळं टीबीसारखंच! सोबत नाकात रक्ताळ खपल्या धरत असतील किंवा लघवीतून रक्त जात असेल, तर एएनसीए ही रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी हवी, गरजेप्रमाणे बायॉप्सीही. उपचाराविना हा आजार काही महिन्यांत जीव घेऊ शकतो, हे खरं. पण स्टिरॉइडसोबत रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध दिल्यावर बहुतेकांचा आजार आटोक्यात येतो. तो पुन्हा उलटू शकतो, म्हणून तपासण्या वर्षानुवर्षं चालतात.