काम वाटणं आणि काम सोपवून देणं

‘ऑफिससारखी घरातली कामंही नेमून द्या’ हे घरकामाच्या वाटणीवरच्या एका लेखातलं वाक्य खटकलं. नेमून कोण देणार? पुन्हा बाईच ना! २०२४च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. त्यात आणखी वाटपाचं काम कशाला?

मी हिंजवडीत आयटी कंपनीत नऊ जणांची टीम सांभाळते. तिथे एखाद्याला मॉड्यूल (सॉफ्टवेअरचा एक भाग) दिलं की ते पूर्ण त्याचं. रोज ‘झालं का?’ विचारत नाही. घरी मात्र नवऱ्याला यादी लिहून द्यायचे, वर तो ‘सांग ना, काय करू’ म्हणायचा. मग पाण्याचं पूर्ण खातं त्याच्याकडे दिलं. गुरुवारी पाणी बंद असल्याची बातमी बघण्यापासून पिंप भरण्यापर्यंत. पहिल्याच गुरुवारी विसरला. सासूबाई मला म्हणाल्या, “अगं, आठवण करायचीस ना त्याला!” जीभ चावून गप्प बसले (सोपं नव्हतं, डोक्याला शाम्पू लावून बसले होते). संध्याकाळी स्वारी टँकरवाल्याशी हुज्जत घालत होती. आता बुधवारी रात्रीच पिंपं भरलेली असतात, आणि बादली कुणी उघडी ठेवली म्हणून तो माझ्यावरच डाफरतो.