फाटक उघडल्यानंतरची दोन मिनिटे

रेल्वे फाटकावरील सुरक्षिततेचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा दोनच ठिकाणी जाऊन थांबते: एक तर ‘लोकांना शिस्त नाही’, नाही तर ‘उड्डाणपूल झाला पाहिजे’. दोन्ही खरे आहे. परंतु पूल मंजूर होऊन, भूसंपादन उरकून, जोडरस्ते पूर्ण होऊन तो वापरात येईपर्यंतची वर्षे आपल्याला त्याच फाटकातून ये-जा करायची असते, आणि त्या वर्षांत काय करायचे यावर फारसे कोणी बोलत नाही.

नाशिक जिल्ह्याच्या निफाड-लासलगाव पट्ट्यातील एखादे वर्दळीचे फाटक कांद्याच्या हंगामात सकाळच्या वेळी पाहावे. फाटक पडते तेव्हा पहिला ट्रॅक्टर डाव्या बाजूला नीट थांबतो, त्याच्या मागे पिकअप, मग एसटी. थोड्याच वेळात मोटारसायकली उजवीकडून पुढे सरकतात, त्यांच्या मागून एखादी कार घुसते आणि पाहता पाहता रस्त्याची सगळी रुंदी भरून जाते. पलीकडच्या बाजूलाही नेमके हेच घडत असते. गाडी निघून जाते, दांडा वर होतो आणि दोन्हीकडची वाहने रुळांवरच समोरासमोर येतात. कांद्याने भरलेली ट्रॉली अशा वेळी ना पुढे जाऊ शकते ना मागे, आणि मागचा प्रत्येक जण हॉर्न वाजवून आपले कर्तव्य पार पाडतो. माझ्या मते फाटकावरील खरा धोका या दोन मिनिटांत असतो.

फाटक इंटरलॉक केलेले असेल, म्हणजे सिग्नलशी जोडलेले असेल, तर ते पूर्ण बंद होऊन कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला हिरवा सिग्नल मिळत नाही, आणि गाडी निघून जाईपर्यंत गेटमनला नेहमीच्या पद्धतीने ते उघडताही येत नाही. रुळांवर ट्रॉली अडकली तर गाडी सिग्नलला खोळंबते, पण जीव वाचतात. इंटरलॉकिंग नसेल तर सारी भिस्त स्टेशन मास्तर आणि गेटमन यांच्यातील फोनवर असते. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत कडलूरजवळ रेल्वेने शाळेच्या व्हॅनला धडक दिली आणि तीन विद्यार्थी दगावले. त्या फाटकावर माणूस होता, इंटरलॉकिंग नव्हते. ब्रॉडगेजवरील विनारक्षक फाटके जानेवारी २०१९ पर्यंत संपवण्यात आली, हे मोठे काम झाले याबद्दल दुमत नाही, परंतु केवळ माणूस नेमल्याने फाटक सुरक्षित होत नाही हे कडलूरने दाखवून दिले. त्यानंतर रेल्वेने फाटकांवर सीसीटीव्ही लावण्याचे आणि इंटरलॉकिंगसाठीची वर्दळीची मर्यादा १०,००० टीव्हीयूपर्यंत खाली आणण्याचे आदेश दिले. टीव्हीयू म्हणजे दिवसभरातील रेल्वेगाड्यांची संख्या गुणिले फाटकातून जाणाऱ्या वाहनांची मोजणी.

घाई करणाऱ्यांसाठी एक साधा हिशेब मांडतो. ताशी ११० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे ३० मीटर अंतर कापते. रुळांच्या कडेला ‘सी/फा’ अशी पिवळी पाटी दिसते. तिचा अर्थ ‘सीटी वाजवा, पुढे फाटक आहे’. ती फाटकाच्या साधारण ६०० मीटर अलीकडे असते, म्हणजे तिथून फाटकापर्यंत यायला गाडीला जेमतेम वीस सेकंद लागतात. उलट, याच वेगातील गाडी आपत्कालीन ब्रेक लावूनही थांबायला सुमारे किलोमीटरभर अंतर घेते. दांड्याखालून वाकून मोटारसायकल काढणाऱ्याला लोको पायलट वाचवू शकत नाही. त्यात आपला मार्ग दुहेरी. पंचवटी एक्सप्रेस गेली म्हणून लोक सरसावतात आणि त्याच वेळी दुसऱ्या रुळावरून मालगाडी येत असते. बंद फाटक उघडणाऱ्याला रेल्वे कायद्याच्या कलम १६० खाली तीन वर्षांपर्यंत आणि ते तोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण दांड्याखालून वाकणाऱ्याच्या डोक्यात त्या क्षणी कायदा नसतो. ‘दुसरी गाडी येत आहे’ एवढी मराठीतील घोषणा आणि एक लाल दिवा त्याला अधिक उपयोगी पडेल. फाटक किती वेळ बंद राहणार हे कळले तर माणूस थांबतो. कळत नाही म्हणूनच त्याचा धीर सुटतो.

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षाविषयक समितीने २०१२ मध्येच सर्व फाटके पाच वर्षांत बंद करावीत, असे सुचवले होते. खर्चाचा अंदाज ५०,००० कोटी रुपयांचा होता आणि फाटके सांभाळण्याचा खर्च वाचून, गाड्या सुरळीत धावून तो सात-आठ वर्षांत भरून निघेल, असेही समितीने म्हटले होते. ती मुदत कधीच उलटून गेली. मध्यंतरी पर्याय म्हणून अनेक ठिकाणी कमी उंचीचे भुयारी मार्ग झाले. पावसाळ्यात त्यांत गुडघाभर पाणी साचते, मग शाळेची मुले आणि शेतमजूर बायका भराव चढून सरळ रूळ ओलांडतात, जिथे ना दांडा असतो ना गेटमन. पाण्याचा निचरा आणि पंप यांची सोय नसलेला भुयारी मार्ग पूर्ण झाल्याचा दाखला कोणी देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तूर्त मागणी मोठी नाही. वर्दळीच्या फाटकाच्या दोन्ही बाजूंना पन्नासएक मीटर लांबीचा दुभाजक, म्हणजे उजवीकडून कोणाला घुसता येणार नाही. रुळांमधील खडबडीत भाग सपाट करणे, म्हणजे ट्रॉली तिथे रुतणार नाही. आणि कांद्याच्या लिलावाच्या वेळी एक वाहतूक पोलीस किंवा होमगार्ड. यासाठी भूसंपादन लागत नाही. अडचण वेगळीच आहे: फाटकाच्या आतील रस्ता रेल्वेचा, बाहेरचा सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा जिल्हा परिषदेचा, त्यामुळे दुभाजकाचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे आणि मुख्य स्नाने २०२७ मध्ये. रस्त्यांच्या कामांना निधी मिळत असताना फाटकांच्या या किरकोळ कामांची यादी त्यात जोडता येईल. आपल्या गावाजवळ फाटक असेल तर गेटमनच्या केबिनवर लिहिलेला फाटक क्रमांक टिपून घ्या आणि एकच अर्ज भुसावळ विभागाचे रेल्वे व्यवस्थापक व जिल्हाधिकारी या दोघांच्या नावे द्या, म्हणजे निदान ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे दोघांनाही म्हणता येणार नाही.